नसलेल्यांचा खण

माझ्या ताईने एकदा एक ड्रॅगन परत पाठवला होता. प्रकाशक स्वतः जिने चढून, धापा टाकत विचारायला आले की बाई, ड्रॅगनमध्ये चूक कसली काढता? तो तर मुळात नाहीच. ताईने चष्मा कपाळावर सरकवला. "नसू दे. पण तुमच्या नायकाने त्याच्या शास्त्रीय नावात स्वतःचंच नाव घातलंय. असं करत नाहीत. बायको घालेल, शिष्य घालेल, मेल्यावर एखादा शत्रूसुद्धा घालेल. स्वतःच घातलं तर तो कसला शास्त्रज्ञ, नुसता मिरवणारा." प्रकाशकांनी पाणी मागून घेतलं आणि ड्रॅगन काखोटीला मारून खाली उतरले. काही दिवसांनी तो नवं नाव घेऊन परत आला, तेव्हा कुठे ताईने त्याला घरात घेतलं.

ताई संग्रहालयात किड्यांच्या विभागात होती. निवृत्त झाली आणि हे काम मागे लागलं. ज्यांच्या कादंबरीत नसलेला प्राणी असतो आणि त्याला लॅटिनमधलं भारदस्त नाव हवं असतं, ते सगळे आमच्या दाराशी. पहिलं नाव घराण्याचं, दुसरं त्याचं स्वतःचं, एवढं साधं आहे म्हणे. पण एकाने माणसं गिळणाऱ्या वेलीला बेडकांच्या घराण्याचं नाव लावलं होतं, कानाला छान वाटलं म्हणून. दुसऱ्याने खोल समुद्रातल्या माशाला डोंगरावर राहणारा अशा अर्थाचं नाव दिलेलं. एकाने सहा पायांचा कोळी पाठवला. "आठ पाय असल्याशिवाय मी त्याला कोळी म्हणणार नाही," ताई म्हणाली, "मग तो माणसं खावो नाहीतर पाव."

मी तिला चिडवायची. कारण तिच्याच नियमांच्या पुस्तकात लिहिलंय की कल्पनेतल्या प्राण्याला दिलेलं नाव नाव म्हणून धरतच नाहीत. उद्या तेच नाव खऱ्या किड्याला दिलं तरी कोणी हरकत घेणार नाही. मग कशाला जिवाचं रान करायचं?

"अगं, त्यांच्याकडे दुसरं आहे काय?" ती म्हणाली होती. "नाव तेवढं आहे. ते तरी नीट असू दे."

हे ती थट्टेत म्हणत नव्हती, आणि तिथेच माझ्या अंगावर काटा आला होता. कारण त्या प्राण्यांसाठी तिने घरात एक खण ठेवला होता. संग्रहालयातल्यासारखाच, काचेच्या झाकणाचा, तळाला टाचण्या रुतायला बुचाचा थर दिलेला. त्यात ओळीने टाचण्या उभ्या, प्रत्येक टाचणीत एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या वर टाचणीला काही नाही. म्हणजे जिथे किडा असायला हवा तिथे नुसती हवा. चिठ्ठीवर बारीक अक्षरात नाव, कोणाला सापडला, कुठे सापडला, आणि शेवटच्या ओळीत प्रत्येकावर तेच: "नमुना: नाही." मी शिवणकाम करते, कपडे उसवते, आत घेते, खाली सोडते. टाचण्यांची मला भीती नाही. पण तो खण पुसायची वेळ आली की मी रेडिओ लावायची. आत काहीतरी खरखरतं असं मला वाटायचं. ताई म्हणायची, लाकूड पोखरणारा किडा आहे. म्हणाली ते खरंही असेल. पण किड्यांवर जन्म काढलेल्या बाईने स्वतःच्या कपाटातला किडा कधी मारला नाही, हेही खरं.

आता भावोजींबद्दल सांगायला हवं.

भावोजी त्याच संग्रहालयात होते. ताई कपाटांपाशी, ते बाहेर, जाळी खांद्यावर टाकून ओढ्यानाल्यांतून हिंडणारे. माणूस बडबड्या, हसरा, आणि डावखुरा. भुंगेऱ्याला टाचणी लावायची ती उजव्या पंखकवचातून, हे जगभर ठरलेलं आहे. म्हणजे सगळ्या संग्रहालयांत सगळे भुंगेरे सारखे दिसतात. भावोजी लावायचे डाव्यातून. एकदा लावलेली टाचणी काढली तर भुंगेऱ्याचा भुगा होतो, त्यामुळे ते तसेच राहायचे, आणि रांगेत भावोजींचे भुंगेरे दुरूनच ओळखू यायचे. ताईच्या नाकावर राग. ती म्हणायची, "जगात कोणी असं लावत नाही." ते म्हणायचे, "जगाने ठरवताना मला विचारलं होतं का?"

दुसरी खोड याहून वाईट. ते आधी नाव तयार ठेवायचे आणि मग प्राणी शोधायला निघायचे. या धंद्यात हे पाप आहे. आधी नमुना, तो टाचलेला, जपलेला, कोणालाही दाखवता येईल असा, आणि मग नाव. संग्रहालयात सगळे ताईला नमुनाबाई म्हणायचे ते उगीच नाही. ती दूधवाल्यालासुद्धा आधी चमचाभर दाखव म्हणायची.

तर एकदा संग्रहालयाच्या सभागृहात सगळे जमलेले असताना भावोजी उठून उभे राहिले आणि म्हणाले की गावाबाहेरच्या दलदलीत एक नवा पाणभुंगेरा आहे. हवेचा बुडबुडा पोटाशी धरून तो पाण्याखाली बसून राहतो, हलतच नाही. आपण डोळ्यांनी पाहिला आहे, नाव तयार आहे, पण ते आत्ता सांगणार नाही. लोक कान टवकारून ऐकत होते. मीही मागे बसले होते, भावोजींचा कोट मीच शिवला होता म्हणून. आणि तिसऱ्या रांगेतून ताईचा आवाज आला: "नमुना कुठे आहे?"

तिच्या मनात काही नव्हतं. कोणीही बोलत असता तरी तिने हेच विचारलं असतं. पण बायकोनेच विचारलं म्हणून सभागृह खो खो हसलं. संचालक तर डोळे पुसत होते. भावोजीही हसले, सगळ्यांत शेवटी थांबले.

त्यानंतर दोन-चार दिवसांत ते जाळी घेऊन दलदलीकडे गेले, ते परत आले नाहीत. माणसांनी बांबूंनी पाणी ढवळलं, कुत्री नेली. काठावर रबराचे बूट मिळाले तेवढेच. बूट कसे होते ते मी पाहिलं आहे. टाचा जुळवून, शेजारी शेजारी, दाराबाहेर काढून ठेवावेत तसे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. बुडणारा माणूस बूट असे ठेवतो का? पण ताईपुढे मी ब्र काढला नाही. ती ते बूट घरी घेऊन आली आणि दारामागे तसेच, टाचा जुळवून ठेवले. मी काही दिवस सोबत म्हणून राहायला आले आणि शिलाई मशीनसकट इथलीच झाले.

ताई रडली बिडली नाही. पण एक दिवस ती "ते असताना" असं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी "ते आले की". मी कधी दुरुस्त केलं नाही. जिन्यावर ओला बूट वाजला की तिचा हात जिथल्या तिथे थांबायचा. वरच्या मजल्यावरचा प्लंबर पावसाळाभर आमच्या जिवाला घोर लावायचा बिचारा, त्याला पत्ताही नव्हता. आणि एकदाच, मला ताप आलेला असताना, मी झोपले आहे असं समजून ती पलंगाशी बसून बोलली. माझ्या प्रश्नामुळे ते मेले, की माझ्या प्रश्नामुळे निघून गेले, एवढंच कळू दे, म्हणाली. प्रश्नामुळे हे तिने धरूनच टाकलं होतं. कोणाला सांगत होती कोण जाणे. मी डोळे मिटूनच राहिले.

अशी पंचविसेक वर्षं गेली असतील. मग ती कादंबरी आली.

लेखिका नवी होती. गोष्ट एका भाड्याच्या खोल्यांच्या घराची, आणि तिथे राहणाऱ्या, भुंगेरे जमवणाऱ्या एका म्हाताऱ्याची. प्रकाशकांनी चिठ्ठी लावली होती की शास्त्राचं फार नाही, एकच नाव आहे, नजर टाका. दुपारची वेळ. ताई खिडकीशी लाल पेन्सिल घेऊन बसलेली, मी एका कोटाचं अस्तर लावत होते. तिची पेन्सिल चालताना करकर वाजते. ती वाजली, आणि मध्येच थांबली. बराच वेळ थांबली.

"अगं, मशीन थांबव," ती म्हणाली, "आणि हे वाच."

मी वाचलं. म्हातारा घरमालकिणीच्या नातीला एक साधा भुंगेरा टाचून देत असतो. "त्याने टाचणी डाव्या पंखकवचातून अलगद खाली उतरवली. म्हणाला, खरा भुंगेरा हा नव्हे. खरा मला अजून सापडायचा आहे. पण त्याचं नाव तयार आहे." आणि पुढे नाव: डायटिस्कस एक्स्पेक्टान्स. 'डाव्या' या शब्दाखाली ताईने सवयीने लाल रेघ मारायला घेतली होती आणि ती अर्ध्यातच संपली होती.

"अर्थ काय याचा?" मी विचारलं.

"वाट पाहणारा."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की अगं, लेखक लोक काय वाटेल ते लिहितात, डावं-उजवं त्यांना काय कळतंय. ताईने तिच्या कार्डांची कपाटं उघडली आणि ते नाव तपासायला बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. घराण्याचं नाव बरोबर होतं, मोठ्या पाणभुंगेऱ्यांचं. दुसरं नाव त्याला शोभणारं होतं, तोवर कोणाला दिलेलं नव्हतं, आणि प्राण्याच्या सवयीला चपखल बसत होतं. इतक्या वर्षांत एकाही कादंबरीत तिला असं नाव मिळालं नव्हतं, ज्यात काडीची चूक नाही. ज्याने ते दिलं त्याला काम येत होतं.

"बोलाव तिला," ताई म्हणाली.

लेखिका आली. तरुण, नखं कुरतडलेली, आपल्या पुस्तकात मोठी चूक निघाली या भीतीने अर्धमेली. आत येताना दारामागच्या बुटांना तिचा पाय लागला, तर "सॉरी" म्हणाली. कोणाला म्हणाली कळेना. ते बूट कलंडले होते. ताईने वाकून ते आधी सरळ केले, मग तिला बस म्हणाली.

"हा माणूस तू मनाने रचलास?"

"नाही मॅडम. आमच्या आजीकडे भाडेकरू होते. आम्ही मुलं त्यांना टाचणीकाका म्हणायचो. बर्फाच्या कारखान्यात कामाला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर. नाव त्यांनीच सांगितलं होतं. मी पाठ करून ठेवलं होतं तेव्हा."

"डावखुरे होते?"

"हो. म्हणजे... हो. तुम्हाला कसं कळलं?"

मी सुईत दोरा ओवत होते. तो काही केल्या ओवला जाईना.

ताईने विचारलं, ते कुठून आले होते, काही बोलायचे का. लेखिका म्हणाली, तिच्या जन्माआधीपासूनच ते तिथे होते. घरचं कधी काही सांगत नसत. मग तिला आठवलं. "पण बायकोचं नाव सारखं तोंडात असायचं. म्हणजे नाव नाही, 'आमच्या बाई' म्हणायचे. आमच्या बाई म्हणतात नमुना सापडल्याशिवाय घरी यायचं नाही. आम्हाला वाटायचं, त्या शेजारच्याच गल्लीत राहतात. आम्ही एकदा शोधायलाही गेलो होतो."

"मी असं कधीही..." ताई म्हणाली.

घड्याळ ऐकू येत होतं. आणि मी शपथेवर सांगते, कपाटातली ती खरखरही. लेखिकेनेही मान वळवून तिकडे बघितलं.

"आता कुठे असतात?" हे मी विचारलं. ताईला विचारणं होईना, कोणीतरी विचारायला हवं होतं.

"गेले ते. मी कॉलेजला गेले त्या हिवाळ्यात. आजीनेच सगळं केलं. त्यांचे भुंगेरे आजीने कोणाला देऊन टाकले, मला फार वाईट वाटलं. म्हणून तर हे लिहिलं." तिने ताईकडे पाहिलं. "तुम्ही ओळखत होतात का त्यांना?"

"आमच्या विभागात होते," ताई म्हणाली.

मला इतका संताप आला की अस्तर हातातून खाली पडलं. जन्मभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, तो म्हणे विभागात होता! पण ताई हस्तलिखिताची पानं जुळवत होती. नेहमीच्या आवाजात तिने सांगितलं की नाव उत्तम आहे, त्याला हात लावू नकोस, प्रकाशकांनी बदला म्हटलं तरी बदलू नकोस. आणि मग पेन्सिल टेकवून म्हणाली, "हे मात्र काढ. डाव्या नको, उजव्या कर."

"पण मॅडम, ते खरंच तसंच लावायचे! मी स्वतः पाहिलंय."

"तू पाहिलंस. वाचणाऱ्यांनी नाही पाहिलं. ज्यांना कळतं ते म्हणतील, या म्हाताऱ्याला साधी टाचणी लावता येत नाही. हसतील त्याला."

"कोण हसणार आहे इतक्या बारीक गोष्टीला?"

"सभागृह भरून हसतात," ताई म्हणाली. "तुला माहीत नाही."

लेखिकेला काही कळलं नाही, पण तिने मान डोलावली. ताईने अर्धी राहिलेली लाल रेघ पूर्ण केली आणि वर स्वच्छ अक्षरात 'उजव्या' असं लिहिलं. तिचा हात जराही हलला नाही. हललेला मला चालला असता.

ती पोरगी जिना उतरून गेल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हटलं, झालं समाधान? एवढी वर्षं तू इथे बुटांची धूळ पुसत बसलीस आणि हे तिकडे पोरांना भुंगेरे वाटत फिरत होते! रेल्वे बंद पडली होती का? पोस्ट बंद पडलं होतं? एक ओळ टाकायला काय हात झडले होते? बुडाले असते तर बरं झालं असतं, हेही म्हटलं. मला ते तेव्हा खरंच वाटत होतं आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गेले." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मग मेले." आणि अगदी हिशोब पटल्यासारखी, "म्हणजे दोन्ही." एवढं बोलून ती चहा टाकायला उठली. तीन कप काढले, एक परत ठेवला.

तेव्हापासून ती "ते आले की" असं कधी म्हणाली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं तरी तिची पेन्सिल थांबत नाही. तिचं वाट पाहणं संपलं आणि ते मला लागलं, असं काहीतरी झालं आहे. आता ओला बूट वाजला की मीच मान वर करते. माझ्या डोळ्यांसमोर भावोजी येतात ते म्हातारे झालेले, मी कधी न पाहिलेले, बर्फाच्या कारखान्यातून गारठून आलेले, दाराबाहेर थांबून बूट शोधणारे. मी घाबरट नाही. पण दारामागे हात घालून झाडताना मी आता बुटांना धक्का लागू देत नाही.

पुस्तक छापून आलं. एक प्रत लेखिकेने ताईला पाठवली. ताईने ते पान काढून पाहिलं, 'उजव्या' आहे याची खात्री केली आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं. कोणी हसल्याचं काही ऐकिवात नाही.

मग एके सकाळी ती दाताच्या डॉक्टरकडे गेलेली असताना मी तो खण पुसायला घेतला. खरखर येतच होती. म्हटलं, आज काय ते बघूच, आणि रेडिओ न लावता झाकण उघडलं. आवाज थांबला. आत नेहमीचेच सगळे नसलेले: ड्रॅगन, वेल, आठ पायांचा करून घेतलेला कोळी. भुंगेऱ्यांची रांग वेगळी, कथाकादंबऱ्यांतले भुंगेरे बरेच निघतात. त्यांच्या चिठ्ठ्यांत टाचण्या मधोमध नसतात, जराशा उजवीकडे असतात. भुंगेरा असताच तर त्याच्या उजव्या कवचातून उतरून चिठ्ठीत जिथे आली असती, बरोब्बर तिथे. टाचणी किती सरकली आहे हे शिवणाऱ्या बाईला लगेच दिसतं, हे मला फार पूर्वीच दिसलं होतं.

रांगेच्या शेवटी नवी चिठ्ठी होती. तिची टाचणी डावीकडे होती.

वाकून वाचलं. डायटिस्कस एक्स्पेक्टान्स. कोणाला सापडला, तिथे भावोजींचं पूर्ण नाव, ताईच्या अक्षरात. कुठे सापडला, तिथे ती दलदल. आणि शेवटच्या ओळीत, जिथे सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर "नमुना: नाही" असतं, तिथे तिने लिहिलं होतं:

"नमुना: विचारू नये."

मी झाकण लावलं, काच पुसली आणि खण आत सरकवून दिला.